डावा मेंदू, उजवा डोळा: झडपेवरच्या गाठीतून आलेल्या स्ट्रोकचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. हृदयाच्या झडपेवर पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा नावाची गाठ सापडलेल्या रुग्णांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून शिकवण्यासाठी रचलेलं आहे. रुग्ण, तिचं गाव, तिचे नातेवाईक काल्पनिक. तपासण्यांमागचा विचार आणि संशोधनातले आकडे मात्र खरे.

पहिला दिवस

वय ४६, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लेखनिक. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तंबाखू नाही, मिश्रीही नाही. मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं, कारण ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘छे, छे’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका रोज सकाळी मिश्री लावत असतात. गर्भनिरोधक गोळ्या नाहीत, वारंवार गर्भपात झालेले नाहीत, घराण्यात कमी वयात कुणाला लकवा किंवा हार्ट अटॅक नाही.

सकाळी अकराच्या सुमारास व्हाउचर लिहिताना तिच्या उजव्या हातातलं पेन निसटलं. शेजारच्या टेबलावरची सहकारी बोलायला आली, तर हिला शब्द फुटेना. विचारलेलं समजत होतं, उत्तर मात्र जिभेपर्यंत येत नव्हतं. चेहऱ्याची उजवी बाजू ढिली पडली होती. सहकारी बाईंनी पाणी पाजलं नाही, साखर चारली नाही, ‘थोडं पडून राहा, बरं वाटेल’ असंही म्हटलं नाही. मॅनेजरच्या गाडीत घालून थेट जिल्ह्याच्या गावचं, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठलं. या प्रकरणात पुढे पुष्कळ हुशारीची कामं झाली, पण बाईंचा हात वाचला तो या निर्णयामुळे.

पोचेपर्यंत दीड तास झाला होता. स्ट्रोकची तीव्रता मोजण्याच्या एनआयएचएसएस मापनावर ९ गुण. सीटीत रक्तस्राव नाही, साखर व्यवस्थित, रक्तदाब १३८/८४. मेंदूच्या मोठ्या धमन्यांपैकी एकही तुंबलेली नव्हती, त्यामुळे मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याचा प्रश्न आला नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या मुदतीत, खरं तर सव्वादोन तासांतच दिलं गेलं. संध्याकाळी ती नवऱ्याचं नाव घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी मापन १ वर आलं होतं.

असे रुग्ण साधारणपणे चौथ्या-पाचव्या दिवशी ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन घरी जातात. कागदावर लिहिलं जातं: ‘स्ट्रोक, कारण अनिश्चित’. रुग्ण बरा झाला असल्याने त्या दोन शब्दांचा जाब कुणी विचारत नाही.

सोयीचं उत्तर

हिच्या बाबतीत कारण सापडल्यासारखंच वाटलं होतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारं एक अमिनो आम्ल) ३१, म्हणजे असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि बी-१२ कमी. मानेच्या धमन्या स्वच्छ. ईसीजी नियमित, मॉनिटरवरही ठोक्यांत गडबड नाही. छातीवरून केलेला टू-डी इको नॉर्मल. मग राहिलं काय? बी-१२ कमी, म्हणून होमोसिस्टीन जास्त, म्हणून रक्त गोठलं. साखळी नेटकी आहे आणि नातेवाइकांना समजावायला सोपी. बाई शाकाहारी असल्याने त्यांनाही ती लगेच पटली.

मला ही साखळी खटकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं आणि निम्म्याहून अधिक जणांत होमोसिस्टीन वाढलेलं होतं. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे. जी गोष्ट आळीतल्या निम्म्या लोकांत सापडेल, ती याच बाईला याच सकाळी लकवा का झाला याचं उत्तर देऊ शकत नाही. फार तर तिने भर घातली असेल. बी-१२ ची इंजेक्शनं द्यायलाच हवीत, ती दिलीही. पण फाइल मिटायला तेवढं पुरेसं नाही.

फाइल उघडी राहिली ती एमआरआयच्या रिपोर्टमधल्या शेवटून दुसऱ्या ओळीमुळे. ताजा डाग डाव्या मेंदूच्या पृष्ठभागालगत, बोलणं आणि उजवा हात सांभाळणाऱ्या भागात होता. तो अपेक्षितच होता. त्याखाली लिहिलं होतं की उजव्या लहान मेंदूत एक बारीक, जुना व्रण आहे. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हा एका निवासी डॉक्टरने इतिहास नव्याने घेतला. ‘याआधी लकवा आला होता का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारून झाला होता आणि उत्तर ‘नाही’ असं होतं. या वेळी प्रश्न वेगळा होता: ‘ताई, कधी पाच-दहा मिनिटं काही बंद पडून परत सुरू झालंय का? नजर, बोलणं, हात, तोल?’

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईतली गोष्ट बाहेर आली. माळ्यावरचे डबे काढताना उजव्या डोळ्यासमोर वरून खाली पडदा उतरल्यासारखं झालं. तिने एकदा डावा डोळा झाकून पाहिला, एकदा उजवा. अंधार फक्त उजव्यालाच होता. पाच मिनिटांत नजर परत आली. घरात सगळ्यांचं मत पडलं, पित्त. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो थोडा वाढला होता, नवा चष्मा झाला.

डोळे आलटून पालटून झाकून पाहण्याचं तिला कसं सुचलं कोण जाणे, पण निदान त्यावरच उभं राहिलं. बहुतेक लोक ‘नजर गेली’ एवढंच सांगतात, आणि मग बिघाड एका डोळ्यात होता की मेंदूच्या एका बाजूला, हे कधीच ठरत नाही.

आता हे तीन ठिपके जोडून पाहा. उजव्या डोळ्याला रक्त मिळतं मानेतल्या उजव्या कॅरोटिड धमनीतून. ताजा डाग ज्या भागात आहे, त्याला डाव्या कॅरोटिडमधून. लहान मेंदूला तिसऱ्याच, मानेच्या मणक्यांतून वर जाणाऱ्या धमन्यांतून. तीन वेळा, तीन वेगळ्या वाटांनी काहीतरी वाहत गेलं. मानेतल्या एका धमनीत बिघाड असता तर त्याच बाजूला पुन्हा पुन्हा त्रास झाला असता. म्हणजे उगम या वाटा फुटण्याच्या आधी असला पाहिजे: महाधमनीची कमान किंवा हृदय. नाहीतर रक्तच मुळात गोठायला उतावीळ असलं पाहिजे.

सीटी अँजिओत कमान स्वच्छ होती. रक्त गोठायला लावणारी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं नव्हती, ल्युपसची तपासणी नकारात्मक होती, कुठे लपलेल्या कॅन्सरची खूण नव्हती. उरलं हृदय, आणि ते तर टू-डी इकोत ‘नॉर्मल’ होतं.

अन्ननलिकेतून

छातीवरून इको करताना ध्वनिलहरींना बरगड्या, चरबी आणि फुप्फुसातली हवा चुकवत हृदयापर्यंत पोचावं लागतं. हृदयाचं आकुंचन, कप्प्यांचा आकार, झडपांची मोठी गळती यांसाठी ती तपासणी उत्तम. पण सेंटिमीटरभराच्या आतली, प्रत्येक ठोक्याला हलणारी गोष्ट तीतून निसटू शकते. शिवाय ‘हृदयाचं पंपिंग कसं आहे?’ असं विचारून पाठवलेल्या रुग्णात पाहणारा माणूस पंपिंग पाहतो. ‘गुठळी कुठून आली?’ असं विचारलं तर तोच माणूस वेगळ्या ठिकाणी थांबतो. इकोच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय, याला आपण समजतो त्याहून जास्त महत्त्व आहे.

अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते. घशाला बधिर करणारा फवारा मारून, थोडी गुंगी देऊन, दुर्बिणीसारखी नळी अन्ननलिकेत उतरवली की मध्ये ना बरगडी ना फुप्फुस. बाईंची ही तपासणी झाली तेव्हा महाधमनीच्या झडपेच्या तीन पाकळ्यांपैकी एकीवर, महाधमनीकडच्या अंगाला, एक गोळा दिसला. लांबी सुमारे ९ मिलिमीटर, आखूड देठ, ठोक्यागणिक डोलणारा, कडा थरथरत असल्यासारख्या. झडप नीट मिटत होती, गळती नव्हती. हृदयाच्या दोन बाजूंमध्ये छिद्र आहे का, हे बुडबुड्यांच्या चाचणीने पाहिलं; तेही नव्हतं.

आता हा गोळा कसला? आपल्याकडे झडपेवर काही दिसलं की पहिल्यांदा जंतुसंसर्गच डोक्यात येतो, आणि तो यायलाच हवा. लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेल्या झडपा इथे आजही भरपूर आहेत आणि अशा झडपांवर जंतूंची पुटं बसतात. पुट समजून गाठीला सहा आठवडे अँटिबायोटिक देण्याने वेळ जातो. गाठ समजून पुटाकडे दुर्लक्ष करण्याने माणूस जातो. म्हणून रक्ताचे कल्चर तीन वेगळ्या वेळी घेतले. तिन्ही निर्जंतुक. ताप नाही, सीआरपी (शरीरात दाह किंवा संसर्ग असला की वाढणारं रक्तातलं प्रथिन) नॉर्मल, प्लीहा वाढलेली नाही, आणि पाकळी कुठे कुरतडलेली नाही. संसर्ग झडपेची नासधूस करतो. इथे झडप शाबूत होती.

साधी गुठळी? ती बसायला कृत्रिम झडप, प्रतिपिंडं किंवा मंदावलेलं रक्त असं काहीतरी निमित्त लागतं. महाधमनीच्या झडपेतून रक्त ज्या वेगाने उसळतं, तिथे धडधाकट पाकळीवर आपोआप गुठळी बसणं अवघड. मिक्सोमा ही हृदयातली नावाजलेली गाठ, पण ती बहुतेक वेळा डाव्या वरच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला चिकटलेली असते, झडपेवर क्वचित. उरले लाम्ब्लचे तंतू. चेक वैद्य व्हिलेम लाम्ब्ल यांनी १८५६ मध्ये ते वर्णिले. झडपेच्या पाकळ्या जिथे एकमेकींवर आपटतात त्या रेषेवर ते येतात, दोऱ्यासारखे बारीक असतात, वयाबरोबर वाढतात. इथलं प्रकरण दोऱ्यासारखं नव्हतं, गोळा होता, आणि मिटण्याच्या रेषेपासून दूर, पाकळीच्या मध्यावर होता.

सगळं जुळत होतं ते पॅपिलरी फायब्रोइलास्टोमाशी. झडपांवरची ही सर्वांत जास्त आढळणारी गाठ. त्यातही महाधमनीच्या झडपेवर अधिक, त्याखालोखाल मायट्रल झडपेवर. पूर्वीच्या पुस्तकांत हृदयाच्या मूळच्या गाठींमध्ये मिक्सोमाला पहिला नंबर दिलेला असे. इकोची यंत्रं सुधारल्यावर आणि अधिक लोकांचे इको होऊ लागल्यावर काही मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत हीच गाठ पुढे गेलेली दिसते. बहुतेकांना ती साठीच्या आसपास सापडते, त्यामुळे आपली रुग्ण तशी तरुण. पुष्कळांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी इको केला आणि गाठ दिसली, असं होतं.

ही गाठ पसरत नाही, दुसऱ्या अवयवात रुजत नाही. तिचा उपद्रव आहे तो ती जिथे लटकलेली असते त्या जागेचा. तिच्या केसाळ टोकांचा एखादा तुकडा सुटून वर जाऊ शकतो, किंवा त्या टोकांच्या बेचक्यांत प्लेटलेट आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे प्रथिनाचे धागे) साचून तयार झालेली गुठळी सुटते. हृदयाच्या धमन्या महाधमनीच्या झडपेपाशीच निघतात. गाठ तिथल्या तोंडावर जाऊन बसली तर हार्ट अटॅक, क्वचित अचानक मृत्यूही. इंजेक्शनाने बाईंचं बोलणं परत आलं, यावरून त्या दिवशी गेली ती गुठळी असावी, गाठीचा तुकडा नव्हे, असा अंदाज बांधता येतो. गाठीचं ऊतक त्या औषधाने विरघळत नाही. (ज्या रुग्णांत गुठळी तारेने ओढून काढली जाते, तिथे ती फेकून न देता पॅथॉलॉजीला पाठवावी, हे जाता जाता. निदान कधीकधी त्या डबीतच असतं.)

‘आता बरी आहे, मग छाती कशाला उघडायची?’

हा प्रश्न नवऱ्याचा. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या बाईला अर्धांग होऊन ती अंथरुणाला खिळली आहे, तिच्या घरचे ऑपरेशनला लगेच तयार होतात. ही तर वॉर्डात फिरत होती, फोनवर मुलीच्या कॉलेजची फी कधी भरायची ते सांगत होती. मोठ्या दिरांचं म्हणणं होतं, गोळ्यांवर भागत असेल तर भागवा. जाऊबाईंना एकच शंका होती आणि ती त्यांनी बाहेर व्हरांड्यात, हळू आवाजात विचारली: कॅन्सर तर नाही ना?

गोळ्यांवर भागतं का, याचं प्रामाणिक उत्तर देणं अवघड आहे. ही गाठ इतकी विरळ आहे की निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना गोळ्या, अशी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी झालेली नाही. हाती आहेत त्या जमवलेल्या नोंदी. २००३ मध्ये ७२५ रुग्णांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. त्यात मृत्यू किंवा तुकडा सुटण्याचा धोका स्वतंत्रपणे सांगणारी एकच गोष्ट निघाली, गाठ हलती असणं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ५११ रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या ३२६ जणांच्या इकोत ही गाठ असावी असं दिसलं होतं, पण ती काढलेली नव्हती. अशांत पहिल्या वर्षात सुमारे ६ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे १३ टक्के लोकांना स्ट्रोक झाला.

हे आकडे कुटुंबासमोर ठेवताना डॉक्टरांचाही कल दिसतोच. ‘शंभरातल्या तेरा जणांना’ म्हटलं की भीती वाटते, ‘शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांना काही झालं नाही’ म्हटलं की धीर येतो. आकडा एकच. म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या गेल्या आणि पुढे जोडलं गेलं की त्या ३२६ जणांत सगळ्या तऱ्हेचे लोक होते, काहीच त्रास न झालेले पुष्कळ होते. हिची गाठ मात्र हलती आहे आणि बहुधा तीनदा काहीतरी सोडून चुकली आहे. दुसऱ्या पारड्यात उघड्या हृदयाच्या ऑपरेशनचा धोका. सेहेचाळीस वर्षांची, एरवी निरोगी बाई. तिच्यात तो कमी असतो, शून्य नसतो. सत्तरी ओलांडलेल्या, मूत्रपिंड अशक्त झालेल्या माणसात, हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर, न हलणारी, पाच मिलिमीटरची गाठ योगायोगाने सापडली असती, तर माझं मत नेमकं उलट असतं: सहा महिन्यांनी इको करा आणि स्वस्थ राहा.

बाईंचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. ‘झडप बदलावी लागेल का?’ तिच्या मावसबहिणीची झडप बदललेली, आणि दर महिन्याला रक्त किती पातळ आहे ते पाहणारी पीटी-आयएनआर तपासणी करणं, गोळीची मात्रा कमी-जास्त करणं, पालेभाजी बेताने खाणं, हे सगळं तिने जवळून पाहिलं होतं. तिला ऑपरेशनची भीती नव्हती, त्या जन्मभराच्या हिशेबाची होती. ही गाठ पाकळीच्या पृष्ठभागावरच असते, आत खोल मुळं सोडत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा ती देठासकट तासून काढता येते आणि झडप आपलीच राहते, हे सर्जननी चित्र काढून दाखवलं. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी गाळला नाही. त्यानंतर तिने होकार दिला, नवऱ्याच्या आधी.

ऑपरेशन कधी, यावरही खल झाला. हार्ट-लंग मशिनसाठी रक्त पूर्ण पातळ करावं लागतं, आणि मेंदूतल्या ताज्या डागात त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. थांबलं तर गाठ तिथेच डोलत राहते. डाग लहान होता, दुसऱ्या सीटीतही रक्त दिसलं नाही, म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी करायचं ठरलं. तोवर ॲस्पिरिन. रक्त पातळ करणारं जास्त जोरकस औषध द्यावं का, यावर न्यूरॉलॉजिस्ट आणि कार्डिऑलॉजिस्ट यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. दोघांकडेही ठाम पुरावा नव्हता.

टेबलावर

अशा ऑपरेशनमध्ये पहिली काळजी ही की महाधमनीला चिमटा लागेपर्यंत हृदय हाताळायचं नाही. एरवी गाठ सुटायची ती याच वेळी सुटते. चिमटा लागला, हृदय थांबवलं, महाधमनीला आडवा छेद दिला. पाकळीवर जिलेटिनसारखा, ओलसर, चिकट पांढरट ठिपका दिसला. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खटाटोप, असं वाटावं इतका क्षुल्लक. देठाच्या बुडाशी पातळ थर तासून तो काढला. पाकळीला भोक पडलं नाही, ठिगळ लावावं लागलं नाही. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर टेबलावरच अन्ननलिकेतून इको केला. गळती नाही.

काढलेला ठिपका सलाइनच्या वाटीत टाकला आणि तो उमलला. कोकणातल्या खडकांमधल्या डबक्यात भरतीचं पाणी शिरल्यावर समुद्रफूल हात पसरतं, तसे असंख्य बारीक तंतू मध्यापासून चहूकडे सुटले. पाण्याबाहेर ते लगेच मिटून गोळा होतात. संशय आला की सर्जन वाटी मागवतात ते यासाठीच. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टआधीच उत्तर कळतं.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक तंतूच्या गाभ्यात कोलॅजन आणि लवचीक धागे, त्यांवर एकाच थराचं आवरण, आत एकही रक्तवाहिनी नाही. तीन-चार तंतूंच्या टोकांना फायब्रिनचे पापुद्रे चिकटलेले होते. जंतू नाहीत. हे वाढ झालेलं खरं अर्बुद की झडपेच्या झिजेवरची जुनी प्रतिक्रिया, हा वाद बरीच वर्षं चालू होता. अलीकडे या गाठींत पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या केरास (KRAS) जनुकातले बदल सापडल्याने पारडं अर्बुदाकडे झुकलं आहे.

बाई दोन महिन्यांनी कामावर परतली. दमल्यावर आकडे मोठ्याने वाचताना अडखळते, हिशेब मात्र चुकत नाही. बी-१२ चालू आहे, होमोसिस्टीन १२ वर आलं. वर्षाने केलेल्या इकोत झडप स्वच्छ. मेयोच्या नोंदींत गाठ काढलेल्या १८५ जणांपैकी ३ जणांत ती पुन्हा उगवली होती, म्हणून इको दर वर्षी करायचा.

वर्षभरात काही झालं नाही, म्हणजे गाठच कारण होती हे सिद्ध झालं, असं नवरा सगळ्यांना सांगतो. तसं म्हणता येत नाही. पहिल्या वर्षाचा धोका सहा टक्के धरला, तर गाठ न काढताही शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांचं ते वर्ष शांतच गेलं असतं. कारणाकडे बोट दाखवतात ते तीन वेगळ्या धमन्यांतले तीन झटके, इतर कारणं एकेक करून बाद होणं आणि तंतूंच्या टोकावरचे फायब्रिनचे पापुद्रे. तेवढ्यावर ॲस्पिरिन बंद करावी का, हा प्रश्न तिने गेल्या भेटीत विचारला. पुढच्या इकोपर्यंत ती चालूच ठेवायची, असं ठरलं आहे.